एजंट म्हणतो, अमेरिकेत ट्रकवर चढवून देतो

तुम्ही विचारलंय की पुणे-बंगळूर रस्त्यावर बारा वर्षं ट्रेलर चालवलाय, हेवीचं लायसन्स आहे, सांगलीतला एजंट अठरा लाखांत अमेरिकेत ड्रायव्हरकी लावून देतो म्हणतोय, तर जमीन गहाण टाकावी का. नका टाकू. मी इथे इंडियानात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत डिस्पॅचला बसतो. ड्रायव्हरांना लोड लावून द्यायचे आणि दिवसभर त्यांच्या शिव्या खायच्या, हेच माझं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्हिसा. एच-वन-बी पदवी लागणाऱ्या कामांसाठी असतो, ड्रायव्हरला तो मिळत नाही. कंपनीने ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा, असा एक रस्ता कायद्यात आहे. पण त्यातल्या लेबर सर्टिफिकेशनचा (या कामाला इथला माणूस मिळत नाही, असा सरकारी दाखला) खर्च कंपनीनेच करायचा असतो, उमेदवाराकडून घेता येत नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ट्रक ड्रायव्हरांचे वर्क व्हिसा थांबवत असल्याचं जाहीर केलं. 'टुरिस्टवर चला, पुढचं तिथे बघू' असं कुणी म्हणालं, तर चहाही न घेता उठा.

नात्यातून ग्रीन कार्ड मिळणार असेल तर गोष्ट वेगळी. तरी तुमचं लायसन्स इथे चालत नाही, सीडीएल, म्हणजे इथलं मोठ्या गाड्यांचं लायसन्स, नव्याने काढावं लागतं. फेब्रुवारी २०२२ पासून त्याआधी नोंदणीकृत शाळेत ट्रेनिंग सक्तीचं आहे. परीक्षेत गाडी चालवण्याआधीच घाम फुटतो. परीक्षक कागद घेऊन उभा राहतो आणि तुम्ही ट्रकभोवती फिरत एकेका पार्टवर बोट ठेवून इंग्रजीत बोलायचं: हा ब्रेक चेंबर, तडा नाही, ढिला नाही, हवा गळत नाही. मग स्लॅक अॅडजस्टर, मग फिफ्थ व्हील. तुमच्या हाताला हे सगळं ठाऊक आहे, पण ते तोंडातून यायला हवं. जून २०२५ पासून तर रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी जमलं नाही तर ड्रायव्हरला तिथेच गाडीवरून उतरवतात.

कामाला तोटा नाही, हे एजंटाचं म्हणणं मात्र खरं. देशातला सुमारे ७० टक्के माल, वजनाने मोजला तर, ट्रकनेच जातो. रेल्वे मोठी आहे, पण ती दुकानाच्या मागच्या दारापर्यंत येत नाही. शिवाय दुकानं माल साठवत नाहीत, चार दिवस ट्रक आले नाहीत तर दूध, औषधं, पेट्रोल सगळ्याची बोंब. मार्च २०२० मध्ये कोरोनाची मदत वाहणाऱ्यांसाठी सरकारने देशभर ड्रायव्हिंगच्या तासांची मर्यादाच उठवली होती.

एरवी ती मर्यादा कडक आहे. सलग १० तास विश्रांती, मग काम सुरू केल्यापासून १४ तासांची मुदत, त्यात चालवायचं जास्तीत जास्त ११ तास. हे डायरीत लिहायचं नसतं, इंजिनाला जोडलेलं यंत्र मोजतं, त्यामुळे क्लीनरला स्टिअरिंगवर बसवून झोप काढणं विसरा. मुळात क्लीनरच नसतो. पैसे बहुतेक ठिकाणी मैलावर. गोदामात माल उतरायची वाट बघत पाच तास गेले, तर १४ तासांचं घड्याळ पळत राहतं आणि मैल शून्य. पहिल्या दोन तासांचे पैसे सहसा कुणीच देत नाही. फेडरल कायद्याने ओव्हरटाइमही या लोकांना लागू नाही. माझ्याकडे संध्याकाळी सहानंतर येणारे निम्मे फोन एकाच कारणाने: तास संपत आलेत, पार्किंग मिळत नाही. हायवेच्या कडेला लावला की दंड.

सुखं आहेत. ट्रक स्टॉपवर डिझेल भरलं की पॉइंटांवर फुकट गरम शॉवर मिळतो. आय-४० हायवेवर पंजाबी ढाबे आहेत, तिथली डाळ आमच्या घरच्यापेक्षा बरी असते (बायकोला सांगू नका).

एजंट पुन्हा आला तर कंपनीचा यूएसडॉट नंबर, म्हणजे इथल्या वाहतूक खात्याचा नोंदणी नंबर, मागा. राज्याबाहेर माल नेणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे तो असतो आणि सरकारच्या सेफर वेबसाइटवर टाकला की ट्रक किती, ड्रायव्हर किती, फुकट दिसतं. दोन ट्रकवाल्या कंपनीला पन्नास ड्रायव्हर कशाला हवेत, ते त्यालाच विचारा.