पोटात उजवीकडे दुखतंय ते गॅसमुळे की अपेंडिक्समुळे, हे घरी कसं ओळखायचं? उद्यापर्यंत थांबलं तर चालेल का?

नाही चालणार. तुम्ही लिहिलंय की बायकोला काल संध्याकाळपासून बेंबीपाशी दुखत होतं, आज सकाळपासून ते उजवीकडे खाली आलंय, दोनदा उलटी झाली, जेवण नको म्हणतेय, ताप ९९.५ आहे. आणि आज रविवार, म्हणून उद्या फॅमिली डॉक्टरांना दाखवू, गॅसच असणार, असं तुमच्या आईचं म्हणणं. बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली येऊन बसलेलं दुखणं आणि अन्नावरची उडालेली वासना, एवढ्या दोन गोष्टी ऐकल्यावर उद्याची भाषा करायचीच नाही. आजच न्या, आणि जिथे सर्जन आहे तिथे न्या. फॅमिली डॉक्टर हुशार असले तरी पोट बघून तेही तिकडेच पाठवणार, मग मधला दिवस कशाला घालवायचा?

उत्तर एवढंच आहे. पण पोटदुखीवर कोणी 'गॅसच असणार' म्हणालं की माझं डोकं सटकतं, म्हणून पुढचं लिहितेय.

आमचे गौरी-गणपती मोठ्या दिरांकडे, ठाण्याला नौपाड्यात असतात. भाऊजी औषध कंपनीत एमआर होते. सगळी नोकरी डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग घेऊन बसण्यात गेली, त्यामुळे आत बसलेल्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी त्यांची ठाम समजूत. घरात कोणालाही काही झालं की पहिला फोन त्यांना, आणि पलीकडून 'हॅलो'च्या आधी गोळीचं नाव.

माझा मुलगा तेव्हा नववीत होता. गौरी जेवून आम्ही रात्री कासारवडवलीला घरी परतलो, तर हा म्हणायला लागला पोटात कसंतरी होतंय. कुठे विचारलं तर बेंबीभोवती हात फिरवून दाखवायचा, नेमकं बोट ठेवता येईना. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूचं फतफतं असं सगळं पोटात गेलेलं, त्या रात्री कोणालाही जेवणाचंच वाटलं असतं. पहाटे एक उलटी झाली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: आधी दुखणं आणि मग उलटी, असा क्रम होता. खाण्यातून बाधलं की बहुधा आधी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पोट मागाहून दुखतं. अपेंडिक्समध्ये बहुतेक वेळा उलटं असतं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन, म्हणून रिक्षाने पुन्हा नौपाड्याला निघालो. घोडबंदर रोडचं वर्णन ठाणेकराला नको. मेट्रोचे पत्रे, पावसाने उखडलेला रस्ता, त्यात सणाची गर्दी. मानपाड्याच्या पुढे माझ्या लक्षात आलं की खड्डा यायच्या आधीच हा समोरचा दांडा घट्ट धरून सीटवरून अंग उचलून घेतोय. कापूरबावडीला एक दणका बसला तसा कळवळला आणि हात गेला तो थेट उजव्या बाजूला, खाली. बेंबीवर नाही. मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं, हे जेवणाचं नाही.

असं का होतं ते मला नंतर सर्जनने समजावलं. अपेंडिक्स सुजायला लागतं तेव्हा त्याच्या नसांचा निरोप मेंदूला बेंबीच्या आसपासचा वाटतो, म्हणून दुखणं आधी तिथे आणि मोघम असतं. सूज वाढून ती पोटाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे पेरिटोनियमला लागली की दुखणं नेमकं त्या जागी येतं. मग खोकलं, जिना उतरला, गाडी आदळली की ते अस्तर हलतं आणि कळ येते. ती जागा म्हणजे उजव्या कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली, तर हाडाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर. चार्ल्स मॅकबर्नी नावाच्या सर्जनने १८८९ साली ती दाखवून दिली, आजही तिला त्याच्याच नावाने ओळखतात.

आणि खड्ड्यांचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी यावर चक्क अभ्यास केलाय, २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. हॉस्पिटलात येताना स्पीडब्रेकरवर दुखणं वाढलं का, असं ते पेशंटना विचारत. अपेंडिसायटिस निघालेल्या ३४ जणांपैकी ३३ जण 'हो' म्हणाले होते. मात्र 'हो' म्हणणारे एकूण ५४ होते, त्यातल्या २१ जणांना दुसरंच काहीतरी निघालं. म्हणजे दणक्याने दुखलं म्हणून अपेंडिक्सच असं नाही, पण अजिबात दुखलं नाही तर शक्यता बरीच कमी. त्यांच्याकडे बिचाऱ्यांना त्यासाठी स्पीडब्रेकर शोधावे लागले.

नौपाड्याला पोचलो तर घरात दवाखानाच उघडला. सासूबाईंनी ओवा चावायला दिला आणि एरंडेल गरम करायला घेतलं. जाऊबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. भाऊजींनी पेटक्याची गोळी काढली. "डाळीने गॅस धरलाय गं, एवढं काय! गोळी घेऊ दे, आम्ही विसर्जन करून येतो तोवर हा उड्या मारत असेल." पोरगा मात्र पाय पोटाशी घेऊन एका कुशीवर पडलेला. समोर उकडीच्या मोदकांचं ताट होतं आणि त्याने ते बघितलंही नाही. वर्षभर मोदकांची वाट बघणारा मुलगा आहे तो. मी एरंडेलाची वाटी बेसिनमध्ये ओतली. सासूबाई त्यावरून अजूनही बोलतात, बोलू देत. पोटदुखीचं कारण माहीत नसताना जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नये. आतडं जोराने चाळवलं की सुजलेलं अपेंडिक्स फुटायचा धोका वाढतो. गरम पिशवीही नको.

गॅसचं दुखणं कसं असतं ते खरं तर आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. कधी इकडे, कधी तिकडे, येतं-जातं, वारा सरला किंवा संडासला झालं की हलकं वाटतं, माणूस येरझाऱ्या घालतो. मुतखड्याचा माणूस तर तडफडतो, एका जागी बसू शकत नाही. अपेंडिक्सवाला हलत नाही, कारण हललं की दुखतं. तासागणिक वाढत जाणारं, एका जागी बसलेलं आणि माणसाला गप्प करणारं दुखणं असेल तर गॅसचं नाव काढू नये.

मी मुलाला उचललं आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने त्याला एका पायावर उडी मारायला सांगितली, त्याला जमेना. मग डावीकडे दाबलं, तर दुखलं उजवीकडे. उजवीकडे हळू दाबून पटकन हात सोडला, तर सोडताना जास्त दुखलं. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. अल्व्हाराडो स्कोअर म्हणून एक १० गुणांचा हिशेब आहे, १९८६ पासूनचा: सरकलेलं दुखणं, भूक जाणं, मळमळ किंवा उलटी, ताप, हात सोडताना दुखणं यांना एकेक गुण, त्या जागी दाबल्यावर दुखणं आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांना दोन-दोन, आणि उरलेला एक पेशींच्या प्रकारावर. ७ किंवा त्याहून जास्त झाले की संशय दाट. माझ्या मुलाला ९ मिळाले. गणितात कधी मिळाले नव्हते.

मग सोनोग्राफी. रिपोर्ट आला: अपेंडिक्स दिसलं नाही, आतड्यात वायू असल्याने तो भाग नीट दिसत नाही. आणि इथून आमच्या घरातलं महाभारत सुरू झालं. नवऱ्याने तो कागद फोटो काढून भाऊजींना पाठवला. विसर्जनाच्या ढोलताशातून त्यांचा फोन: "बघ, मी काय म्हणत होतो? रिपोर्टमध्येच लिहिलंय गॅस!"

दिसलं नाही म्हणजे नॉर्मल आहे असं नव्हे. तो वायू प्रत्येकाच्या आतड्यात असतो आणि सोनोग्राफीच्या लहरी त्यातून जात नाहीत, एवढाच त्या ओळीचा अर्थ. अशा वेळी सर्जन हाताने पोट पुन्हा पुन्हा तपासतात, किंवा मोठ्या माणसाचा सीटी स्कॅन करतात. मुलांना किरणोत्सर्ग नको म्हणून सीटी शक्यतो टाळतात. आमच्या सर्जनने काही तास सलाईनवर ठेवून पोट परत तपासलं, ते जास्त कडक लागलं, आणि रात्री दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. अपेंडिक्स पुवाने टरारलेलं, तोंडाशी विष्ठेचा खडा अडकलेला, अजून फुटलेलं नव्हतं. बायोप्सीतही तेच आलं. तो रिपोर्ट मी फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. भाऊजी येणार असले की फाईल चुकून टीपॉयवर राहते.

त्यांना पटलंय का? छे. २०२० मध्ये त्यांना अमेरिकेतल्या एका अभ्यासाची बातमी मिळाली की अपेंडिक्स नुसत्या अँटिबायोटिकनेही बरं होतं. तेव्हापासून दर गौरीजेवणाला पंगतीत हा विषय निघतो: "उगाच कापलं पोराला." मी तो अभ्यास वाचलाय, भाऊजींनी मथळा वाचलाय. त्यात १,५५२ माणसं होती आणि सगळी प्रौढ, नववीतली मुलं नव्हती. औषध मिळालं ते निदान पक्कं झाल्यावर, सर्जनच्या देखरेखीखाली, सुरुवातीला शिरेतून. अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी दहात साधारण तिघांचं ९० दिवसांच्या आत ऑपरेशन करावंच लागलं आणि खडा असलेल्यांमध्ये दहात चौघांचं. तर हो, काही जणांना हा पर्याय खरोखर आहे आणि तुमच्या बायकोचा सर्जन तो सुचवेलही. पण त्यासाठी आधी हॉस्पिटलात पोचावं लागतं. नौपाड्याच्या सोफ्यावर बसून गोळी घेणं म्हणजे तो उपचार नव्हे, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

वेळेचं सांगते. दुखणं सुरू झाल्यापासून पहिला दिवस उलटला की फुटण्याचा धोका वाढत जातो. तुमचा दिवस संध्याकाळी पूर्ण होतोय. आणि मध्येच दुखणं एकदम कमी झालं तर 'बरं वाटलं' म्हणून थांबू नका. फुटल्यावर दाब सुटतो, थोडा वेळ आराम वाटतो, मग सगळं पोट दुखायला लागतं. पोट लाकडासारखं कडक, थंडी वाजून ताप, घाम, चक्कर, श्वास जोरात, यातलं काहीही दिसलं तर रिक्षा शोधू नका, १०८ लावा.

पेनकिलरबद्दल घरोघरी वाद असतो. हॉस्पिटलात डॉक्टर पेनकिलर देतात आणि त्याने निदान बिघडत नाही, हे आता मान्य झालेलं आहे. घरी मात्र गोळीवर गोळी घेऊन रात्र काढणं वाईट, कारण दुखणं दबतं आणि सूज चालूच राहते. निघायचं ठरलं की खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं.

तुम्ही कळव्यात राहता, तर महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुमच्याजवळच आहे आणि ते मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. खासगीत जायचं असेल तर आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: आत्ता सोनोग्राफी होईल का, सर्जन येतील का, भूल देणारे डॉक्टर आहेत का. रविवारी छोट्या नर्सिंग होममध्ये पाटी मोठी असते आणि आत फक्त आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा निवासी डॉक्टर. खर्चाचं विचारलंत, पण तो हॉस्पिटल आणि खोली बघून बदलतो, आमचं जुनं बिल सांगून काही उपयोग नाही. मेडिक्लेम असेल तर कार्ड बरोबर घ्या.

सगळ्यांचं दुखणं असं पुस्तकातल्यासारखं सरकतही नाही. अपेंडिक्स आतड्याच्या मागे असेल तर कमरेत किंवा पाठीत दुखतं, खाली ओटीपोटात असेल तर सारखी लघवीला लागते किंवा पातळ होतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्यात लक्षणं अर्धवट असतात आणि त्यांच्यातच ते फुटलेल्या अवस्थेत जास्त सापडतं.

आणि तुमच्या बायकोच्या बाबतीत एक गोष्ट मी आधीच लिहायला हवी होती असं तुम्ही म्हणाल, पण भाऊजींमुळे ती इथे आली: पाळी चुकलीय का किंवा पुढे गेलीय का, हे गेल्या गेल्या डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. उजवीकडचं असंच दुखणं गर्भ नळीत राहिल्याने किंवा अंडाशयाला पीळ पडल्यानेही होतं, आणि त्या दोन्हींत अपेंडिक्सइतकाही वेळ हातात नसतो. चक्कर येत असेल, अंगावरून लाल जात असेल किंवा खांद्याच्या टोकाला दुखत असेल तर तेही सांगा.