न्यायाधीशपदाचा उमेदवार आणि सिद्ध न झालेला आरोप

प्रश्न : आमच्या वाचनगटात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर २०१८ साली झालेल्या ब्रेट कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीवर बराच वाद झाला. छत्तीस वर्षांपूर्वीचा लैंगिक अत्याचाराचा आरोप, दुजोरा देणारा साक्षीदार नाही, पोलिसांत तक्रार नाही. माझे म्हणणे असे की, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच मानला पाहिजे. गटातील काही भगिनींचे म्हणणे असे की, बाई शपथेवर सांगते आहे तर तिच्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे. आपण इतकी वर्षे ठाण्याच्या न्यायालयात वकिली केली आहे, तेव्हा आपले मत कळावे.
– एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण सांगितलेले तत्त्व फौजदारी न्यायाचा पाया आहे आणि त्याला कोणी धक्का लावू नये, असे मलाही मनापासून वाटते. मात्र ते तत्त्व नागरिकाला शिक्षा करण्यास निघालेल्या सरकारला आवर घालण्यासाठी आहे. नेमणुकीत कोणाला शिक्षा होत नसते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद हा कोणाचा हक्क नाही, आणि ते मिळाले नसते तरी कॅव्हनॉ यांच्याकडे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयातील न्यायाधीशपद होतेच. आपल्याकडचा कायदाही हा फरक ओळखतो. दिल्ली पोलिसांच्या शिपाई भरतीतील एका प्रकरणात उमेदवार फौजदारी खटल्यातून सुटला होता, तरीही त्याची निवड रद्द करण्याचा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली उचलून धरला. संशयाचा फायदा मिळून सुटणे आणि पोलीस दलात घेण्याजोगे असणे या दोन निराळ्या बाबी आहेत, असा त्या निकालाचा आशय होता. जी कसोटी शिपायाला लागते, ती सर्वोच्च न्यायासनावर बसणाऱ्याला लागू नये, असे म्हणणे कठीण आहे.

पण म्हणून नुसता आरोप पुरेसा आहे, असेही मी म्हणणार नाही. तसे झाले तर कोणत्याही उमेदवाराची वाट अडवण्यासाठी एक पत्र पुरेल, आणि ज्याचे नाव एकदा डागाळले त्याला ते पुसून मिळत नाही. दिवाणी दाव्यात आपण शक्यतांचे पारडे कोणत्या बाजूला झुकते ते पाहतो, आणि नेमणुकीसाठी तेच माप मला योग्य वाटते. अमेरिकेत अशा नेमणुकीला सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, मंजुरी लागते. सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी ५ ऑक्टोबर २०१८ च्या भाषणात जवळपास हेच माप लावले आणि आरोप तेथवर पोहोचत नाही, असे सांगून कॅव्हनॉ यांच्या बाजूने मत जाहीर केले. त्या मापाला माझा आक्षेप नाही. पारड्यात काय काय घालण्याचे राहून गेले, याला आहे.

तेव्हाची हकीकत थोडक्यात सांगते, म्हणजे गटातील सर्वांपुढे ती राहील. मानसशास्त्राच्या प्राध्यापक क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांनी जुलै २०१८ च्या अखेरीस सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांना पत्र लिहिले. १९८२ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधील एका घरी, आपण १५ वर्षांच्या असताना, १७ वर्षांच्या कॅव्हनॉ यांनी आपल्यावर अत्याचाराचा प्रयत्न केला आणि त्यांचा एक मित्र त्याच खोलीत होता, असे त्यांचे म्हणणे होते. नाव गुप्त राहावे ही त्यांची विनंती असल्याने ते पत्र उमेदवाराची छाननी करणाऱ्या सिनेटच्या समितीपुढे आठवडेच्या आठवडे आले नाही, आणि उमेदवाराची नेहमीची सुनावणी त्याविनाच उरकली. सत्ताधारी पक्षाची याबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. सप्टेंबरच्या मध्यास फोर्ड यांचे नाव वृत्तपत्रात आले आणि २७ तारखेला दोघांच्याही शपथेवर साक्षी झाल्या. सत्ताधारी सदस्यांच्या वतीने प्रश्न विचारण्यासाठी ॲरिझोनातील एका अनुभवी महिला सरकारी वकिलांना बोलावले होते, पण त्यांना पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत प्रश्न विचारावे लागले, आणि कॅव्हनॉ यांची पाळी आल्यावर अर्ध्यातच सदस्यांनी सूत्रे स्वतःकडे घेतली. ज्याने एकदा तरी न्यायालयात बसून नीट चाललेली उलटतपासणी ऐकली आहे, त्याला पाच मिनिटांच्या तुकड्यांत सत्य हाती लागत नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही. सिनेटर जेफ फ्लेक यांच्या आग्रहाने केंद्रीय तपास यंत्रणेला, म्हणजे एफबीआयला, आठवडाभराचा अवधी मिळाला. यंत्रणेने दहा जणांना विचारले, पण फोर्ड आणि कॅव्हनॉ या दोघांनाच विचारले नाही. ६ ऑक्टोबरला ५० विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक मंजूर झाली.

आता पुराव्याचे वजन. फोर्ड यांनी २०१२ साली, म्हणजे नेमणुकीचा विषयही नव्हता तेव्हा, आपल्या समुपदेशकाला या घटनेबद्दल सांगितले होते. याला मी बरेच वजन देते, कारण नेमणूक रोखण्यासाठी ही कथा २०१८ साली रचली गेली या शंकेला ते उत्तर आहे. मात्र समुपदेशकाच्या टिपणांत कॅव्हनॉ यांचे नाव नव्हते. तेव्हा त्या घरी हजर होती असे फोर्ड ज्या मैत्रिणीबद्दल म्हणाल्या, तिने असे जमल्याचे आठवत नसल्याचे सांगितले. न आठवणे म्हणजे नाकारणे नव्हे, पण तो दुजोराही नव्हे, आणि फोर्ड यांच्या बाजूने विचार करणाऱ्यानेही हे बाजूला सारू नये. फोर्ड यांनी दिलेल्या खोटे पकडण्याच्या यंत्रावरील चाचणीला मी काहीच वजन देत नाही, मग ती कोणाच्याही बाजूने असो. कॅव्हनॉ यांनी १९८२ ची आपली दिनदर्शिका समितीला दिली होती. तिच्यात १ जुलैला काही मित्रांसोबत एका घरी जमल्याची नोंद होती आणि त्या मित्रांत फोर्ड यांनी नाव घेतलेला तो मित्रही होता. अशा नोंदीचा धागा सरळ तपास करणाऱ्या कोणीही सोडला नसता. त्या घराची, त्या मित्रांची, त्या दिवसाची बारकाईने चौकशी व्हायला हवी होती.

सुनावणीत कॅव्हनॉ संतापले आणि हा विरोधी पक्षाचा कट असल्याचे म्हणाले. त्यावरून त्यांना दोषी धरणाऱ्यांशी मी सहमत नाही. खोटा आरोप झालेला माणूसही तसाच संतापेल. परंतु न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने एका राजकीय पक्षाला उघडपणे दोष देणे ही आरोपापासून स्वतंत्र बाब आहे, आणि तिचा विचार व्हायला हवा होता.

सारे मिळून माझे मत असे : समोर होते तेवढ्यावर आरोप खरा ठरला, असे मी म्हणू शकत नाही, आणि तो खोटा ठरला, असेही म्हणू शकत नाही. अशा स्थितीत त्या आठवड्यात मतदान घेणे चूक होते. त्या रिकाम्या पदावर आणखी काही महिने कोणी बसले नसते, तर अमेरिकेच्या न्यायालयाचे काही बिघडले नसते. आपल्या गटातील भगिनींनाही हेच सांगावेसे वाटते की, विश्वास ठेवणे म्हणजे तक्रार मनापासून ऐकून तिचा कसून तपास करणे. तपास आटोपता घेतला, तर त्यात बाईचेही नुकसान होते आणि उमेदवाराचेही.

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. वयाच्या सतराव्या वर्षी केलेली चूक माणसाला पन्नाशीनंतर भोवावी का? आणि इतकी वर्षे गप्प राहिलेल्या स्त्रीचे म्हणणे न्यायालये ग्राह्य धरतात का?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नामागची करुणा मला मान्य आहे, आणि आपला बालन्याय कायदा तिच्याच बाजूने उभा आहे. २०१५ च्या त्या कायद्याच्या कलम २४ नुसार बालवयातील दोषसिद्धीमुळे सहसा कोणतीही अपात्रता येत नाही. पण कॅव्हनॉ यांनी ‘तेव्हा चुकलो’ असे म्हटले असते, तर हा प्रश्न उभा राहिला असता. त्यांनी सर्व काही शपथेवर ठामपणे नाकारले. म्हणजे प्रश्न १९८२ च्या मुलापुरता उरला नाही, तर २०१८ साली न्यायाधीश शपथेवर खरे बोलले की नाही, हा झाला. त्याला वयाची सवलत नाही.

उशिराबद्दल सांगायचे तर, दिल्लीच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांना लैंगिक छळाचा आरोप केल्यावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यातून मुक्त करताना स्पष्ट म्हटले की, स्त्रीला आपली तक्रार अनेक दशकांनंतरही मांडण्याचा अधिकार आहे. उशीर झाला म्हणून तक्रार फेटाळू नये. मात्र उशिराने पुरावा विरतो, आणि तो भार तक्रारदाराला सोसावा लागतो. तारीख किंवा घराचा पत्ता विसरणे आणि अत्याचार करणाऱ्याचा चेहरा लक्षात राहणे, हे दोन्ही एकाच आठवणीत असू शकते. वकील झालीस की साक्षी ऐकताना हे ध्यानात ठेव.

प्रश्न : आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या उमेदवारावर असा आरोप झाला, तर काय होईल?
– एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : जाहीर सुनावणी होणार नाही. आपल्याकडे ज्येष्ठ न्यायाधीशांचे मंडळ, म्हणजे कॉलेजियम, नावे सुचवते आणि उमेदवाराची माहिती सरकारी यंत्रणांकडून गोपनीय मार्गाने येते. कॉलेजियमचे ठराव २०१७ पासून संकेतस्थळावर येऊ लागले, पण तक्रारींची छाननी कशी झाली, हे त्यांतून सहसा कळत नाही. पदावर असलेल्यांविषयीचा अनुभवही असाच आहे. एप्रिल २०१९ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्यावर न्यायालयातील एका माजी कर्मचारी महिलेने लैंगिक छळाचा आरोप केला आणि त्यांनी तो फेटाळला. आरोप जाहीर होताच शनिवारी बसलेल्या खास खंडपीठावर ते स्वतः होते. पुढे तीन न्यायाधीशांच्या अंतर्गत समितीने आरोपात तथ्य नसल्याचा निष्कर्ष काढला. सोबत वकील बसू देत नाहीत, या आणि अन्य कारणांनी तक्रारदार मध्येच कामकाजातून बाहेर पडल्या होत्या. समितीचा अहवाल जाहीर झाला नाही. निष्कर्ष बरोबर की चूक हे ठरवण्याचे साधनच नागरिकांच्या हाती नाही, हे मला अत्यंत खेदाचे वाटते.

अमेरिकेसारखा दूरचित्रवाणीवरचा तमाशा मला इथे नको आहे. पीडितेची ओळख उघड करण्यास आपला कायदा मनाई करतो, आणि ते योग्यच आहे. पण उमेदवाराशी कसलाही संबंध नसलेल्या व्यक्तींनी चौकशी करावी, तक्रारदाराला वकिलाची सोबत मिळावी, उमेदवाराला पूर्ण उत्तर देता यावे आणि नाव वगळून निष्कर्षाची कारणे प्रसिद्ध व्हावीत, एवढे घटनेला हात न लावताही करता येईल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कलम १४ आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्याच कारणावरून तक्रारदारावर कारवाई करण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. न्यायाधीशांच्या निवडीतही हे वाक्य लेखी नियम म्हणून यायला हवे, कारण ते नसेल तर तक्रार करायला पुढे येणारच कोण?