मुलगी नववीत आहे, आम्ही डिचोलीत राहतो. कॉलेजची तयारी आतापासून काय करावी?

आधी कागद, मग पैसे. गोव्याच्या कोट्यातून बांबोळीचं मेडिकल किंवा फर्मागुढीचं इंजिनियरिंग हवं असेल तर रहिवासी दाखला लागतोच, आणि निकालानंतर मामलेदार कचेरीत एकच झुंबड उडते. तिचं नाव जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये अक्षरन् अक्षर सारखं आहे ना, हे या आठवड्यातच ताडून बघा. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'आय' जास्त असला तरी अर्ज अडतो. दुरुस्ती दहावीच्या आधी सोपी, नंतर डोकेदुखी.

पैशांचं म्हणाल तर, सुकन्या समृद्धी खातं (मुलीच्या नावाची सरकारी बचत योजना) असल्यास दहावीनंतर किंवा १८ वर्षं झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. नसेल तर आता उघडता येणार नाही, वयाची अट १० वर्षांची आहे. मग बँकेत आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, सुरू करा. तीन-चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात घालू नका, असं मला ठामपणे वाटतं.

कर्जाला घाबरू नका. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, बँकेकडे जाण्याआधी तिथे चौकशी करा.

आणि मुलीला या बोलण्यात घ्या हो! फी, हॉस्टेल, मेस, बसभाडं, सगळं तिच्यासमोर वहीत मांडा. अकरावीला गणित सोडलं तर इंजिनियरिंगचा रस्ता बंद होतो, हेही तिला दहावीच्या सुट्टीआधी कळायला हवं.