वाचक विचारतात : देवघरातली लाकडी मूर्ती

प्रश्न : आमची दत्तमूर्ती सागवानी आहे, वर फ्रेंच पॉलिश. दर गुरुवारी खोबरेल तेलाचा हात फिरवतो. आता नक्षीत काळा चिकट थर बसलाय. मूर्तीला अभिषेक केला तर चालेल का? (देवगड)

उत्तर : तेल आजच थांबवा. खोबरेल तेल जवसाच्या तेलासारखं सुकत नाही. पॉलिशवर ते तसंच ओलसर राहतं आणि निरांजनाची काजळी, उदबत्तीची राख, कुंकू सगळं धरून ठेवतं. काळा थर त्याचाच आहे.

आधी कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडा. मग काडीला कापूस गुंडाळून टर्पेंटाइनमध्ये बुडवा, टिपून घ्या आणि बैठकीच्या मागच्या बाजूला लावून बघा. कापसावर पॉलिशचा रंग आला नाही तरच पुढे जा. एका वेळी दोन बोटं जागा घ्या. कापूस घासू नका, फिरवत न्या आणि काळा झाला की बदला. स्पिरिट मात्र अजिबात नको, कारण फ्रेंच पॉलिशमधला चपडा (लाख) त्यातच विरघळतो. खिडक्या उघड्या ठेवा. मूर्ती पूर्ण वाळेपर्यंत जवळ दिवा लावू नका.

नंतर मधमाश्यांचं मेण लावा : वजनाने एक भाग मेण, तीन भाग टर्पेंटाइन. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं आणि विस्तव बंद करून, तिथून दूर नेऊनच टर्पेंटाइन घालायचं. वाटाण्याएवढं मेण देवघरातल्या लहान मूर्तीला पुरतं. अर्ध्या तासाने कोऱ्या ब्रशने चकाकी आणा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, बास.

अभिषेक आरशातल्या प्रतिबिंबावर करा. ही पळवाट नव्हे. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या. त्यांचं रोजचं स्नानही आरशातल्या प्रतिबिंबालाच घालतात. प्रत्यक्ष स्नान ज्येष्ठ पौर्णिमेला, १०८ घागरींनी. त्यानंतर पंधरवडाभर दर्शन बंद असतं आणि त्या काळात मूर्ती पुन्हा रंगवतात. पाण्यानंतर लाकडाला एवढी डागडुजी लागते. घरी फुलाने दोन थेंब प्रोक्षण पुरे. गंध मूर्तीच्या कपाळाऐवजी पायाशी ठेवलेल्या तुळशीच्या पानावर लावा.

प्रश्न : गणपतीच्या बैठकीखाली मैद्यासारखी पूड पडते. वाळवी असेल का? (चिपळूण)

उत्तर : वाळवी मातीच्या नळ्या बांधते. मैद्यासारखी पूड आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर तो भुंगा. त्याची अळी लाकडातल्या पिष्टावर जगते, म्हणून सालीकडचं पांढुरकं लाकूड आधी पोखरते. सागाचा गाभा सहसा वाचतो.

भुंगा जिवंत आहे का ते आधी पाहा. पूड झटकून मूर्ती काळ्या कागदावर ठेवा, भोकांभोवती पेन्सिलीने खूण करा आणि दोन आठवडे हलवू नका. हलवलं तर जुन्या भोकांतलीही पूड गळते.

नवी पूड दिसली आणि मूर्ती लहान, बिनरंगाची असेल, तर सुती कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास बंदच राहू द्या, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. रंगीत किंवा सोन्याचा वर्ख लावलेली मूर्ती फ्रीजरमध्ये नको, रंग सुटतो. तिच्या भोकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं, पाण्याऐवजी द्रावकात तयार केलेलं औषध सुईने भरा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा भरा. हातमोजे घाला. औषध ज्वालाग्राही असतं, वास पूर्ण जाईपर्यंत मूर्तीपुढे निरांजन नको.

भोकं लगेच मेणाने बुजवायची घाई करू नका. एक वर्ष उघडी ठेवलीत तर नवं भोक पडल्याचं कळेल.

प्रश्न : उन्हाळ्यात मूर्तीच्या छातीवर उभी चीर पडली. लांबी (पुट्टी) भरू का? (नागपूर)

उत्तर : नको. पावसाळ्यात लाकूड फुगून चीर मिटू लागते, तेव्हा कडक लांबी आतून दाब देते आणि चीर आणखी पुढे सरकते. कूलरच्या झोतातून आणि उन्हातून मूर्ती हलवा. पुढच्या उन्हाळ्यातही चीर तेवढीच राहिली, तर त्याच जातीच्या लाकडाची पातळ पट्टी एकाच बाजूला सरसाने चिकटवून घ्या; दुसरी बाजू मोकळी हवी.