पेशंटचीच चीड येते, आता हे काम सोडू का?

"पेशंटने बेल दाबली की डोक्यात तिडीक जाते. मी अशी नव्हते, मॅडम. सोडून द्यावंसं वाटतं, पण घरचे म्हणतील, एवढं नर्सिंग शिकवलं ते यासाठी का?"

थोड्याफार फरकाने हेच मला निवासी डॉक्टर, लॅब टेक्निशियन, वॉर्डबॉय असे सगळे विचारतात. इथे सांगतेय ती हकिगत पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला असलेल्या सिस्टरची. त्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सुरुवातीला त्या फक्त स्वतःला बोल लावत होत्या. मी आळशी झाले, माझ्यात सेवाभाव उरला नाही. (पगारवाढ मागायला गेलेल्यांनाच सेवाभावाची आठवण का करून दिली जाते, हे मला कधी उमगलेलं नाही.) म्हटलं, "ते राहू द्या. मागची नाईट कशी गेली ते सांगा, सकाळच्या हँडओव्हरपर्यंत."

व्हेंटिलेटरवरचे तीन पेशंट त्यांच्या एकटीकडे होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार आयसीयूत एका रुग्णामागे एक नर्स हवी. एकाचं सक्शन, म्हणजे श्वासनळीतला कफ ओढून काढणं, चालू असताना दुसऱ्याचा औषध सोडणारा इन्फ्युजन पंप ठणाणा करत होता. तिसऱ्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं होतं, ते राहून गेलं. चार्टवर मात्र वेळा भरल्या गेल्या. पहाटे आजोबांच्या माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला, पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात. इथवर आल्या आणि त्यांना रडू फुटलं.

रक्त आणि मरण रोज बघून ही माणसं थकतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. मला दिसतं ते वेगळं. काय करायला हवं हे हाताला ठाऊक असतं आणि ते करू दिलं जात नाही, हे जास्त पोखरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. सिस्टरांची चीड त्यातलीच.

नेमकं काय सोडायचंय ते मी त्यांना कागदावर लिहायला लावलं. ओळीने लागणाऱ्या नाइट्स, ऐनवेळी रद्द होणारा ऑफ, नातेवाइकांच्या शिव्या, हातात पडणारे अठरा हजार. पेशंट त्या यादीत नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयांतही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

नाईट संपवून आलेल्या दिवशी राजीनामा लिहायचा नाही, एवढं एक पथ्य मी घातलं. आधी झोप, मग हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी, कारण त्यांचा थकवा नुसता मनाचा असेल असं मला गृहीत धरायचं नव्हतं. मग घरखर्चाचा हिशोब. मूळ सर्टिफिकेटं रुग्णालयाने ठेवून घेतली होती, ती लेखी मागायला सांगितली. पेशंट कमी द्या, असा अर्ज त्यांनी मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे दिला. "बाकीच्या करतात ना?" एवढंच उत्तर मिळालं.

जगणंच नको असे विचार येत असतील, तर मात्र यातल्या कशासाठीही थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

सिस्टरांनी शेवटी ती नोकरी सोडली. आता एका डायलिसिस सेंटरला दिवसपाळी करतात. पगार फारसा वाढलेला नाही, वडिलांचा रागही गेलेला नाही. तिथे तेच पेशंट पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्या नातवंडांची नावंसुद्धा यांना पाठ झालीत. परत आयसीयूला जाल का, असं विचारलं तर म्हणाल्या, "एकाला एक देणार असतील तर उद्या जाईन."