अमेरिकेत प्रथम कोण पोहोचले? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. कोलंबसाचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, की तो पोहोचला तेव्हा तिथे माणसे होतीच, मग शोध त्याने कसा लावला? दुसऱ्याने उत्तर युरोपातल्या व्हायकिंग दर्यावर्दींचे नाव घेतले, तिसऱ्याने चिनी आरमाराचे. यांपैकी नेमके काय सिद्ध झाले आहे?
– एक शिक्षिका, गोरेगाव

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात दोन स्वतंत्र प्रश्न मिसळले आहेत. अमेरिका खंडांवर माणसाचे पाऊल प्रथम केव्हा पडले, हा एक. आणि तिथे वस्ती झाल्यानंतर, परंतु १४९२ च्या आधी, समुद्र ओलांडून बाहेरचे कोणी गेले का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नातल्या ‘कोण’चे उत्तर आता पक्के आहे. आजच्या मूलनिवासी अमेरिकनांचे पूर्वज हेच तिथले पहिले रहिवासी होत. वाद उरला आहे तो काळाचा आणि वाटेचा.

विसाव्या शतकाचा बराच काळ पाठ्यपुस्तकांत एकच उत्तर होते. न्यू मेक्सिकोतील क्लोव्हिस या गावाजवळ १९३० च्या दशकात मॅमथच्या हाडांबरोबर भाल्यांची दगडी पाती सापडली. त्यांचा काळ सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा ठरला आणि हेच पहिले अमेरिकन असे मानले गेले. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती, त्यामुळे सायबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये जमीन उघडी पडली होती. तिच्यावरून येऊन हे शिकारी कॅनडातील दोन प्रचंड हिमस्तरांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून दक्षिणेस उतरले, असे हे मत. या मताला मोठा धक्का दिला तो दक्षिण चिलीतील मॉन्टे व्हर्डे या स्थळाने. तिथला सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीचा काळ १९९७ साली प्रत्यक्ष पाहणीला गेलेल्या तज्ज्ञांच्या गटाने मान्य केला. तिथल्या थरांवर आक्षेप घेणारे अभ्यासक पुढेही राहिले. तथापि कॅनडातला तो पट्टा सुमारे १३,८०० वर्षांपूर्वीपर्यंत पुरता खुला झालेला नव्हता, असे अलीकडच्या कालमापनावरून दिसते. त्याआधी दक्षिणेत माणसे असतील, तर ती दुसऱ्या वाटेने गेली असली पाहिजेत. म्हणून पॅसिफिकच्या किनाऱ्याने, होड्यांतून, मासे, शिंपले आणि समुद्री शेवाळ यांवर गुजराण करीत लोक खाली सरकले असावेत, हे मत आज अधिक पटण्याजोगे वाटते. त्या किनाऱ्याचा बराच भाग बर्फ वितळल्यावर पाण्याखाली गेल्यामुळे थेट पुरावा मिळणे कठीण झाले आहे.

आपल्या वर्गात एखादेच उदाहरण सांगायचे असेल, तर न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील पावलांचे ठसे सांगावेत. एका प्राचीन सरोवराच्या काठच्या चिखलात उमटलेले हे ठसे बहुतांशी किशोरवयीन मुलांचे आणि लहान बालकांचे आहेत. ठशांच्या वरच्या आणि खालच्या थरांत एका पाणवनस्पतीचे बी मिळाले, त्यातील कार्बनच्या मापनावरून २०२१ साली ठशांचे वय २१,००० ते २३,००० वर्षे असल्याचे जाहीर झाले. लगेच आक्षेप आला : पाणवनस्पती पाण्यात विरघळलेला जुना कार्बन शोषून घेतात, त्यामुळे बी खरे असते त्याहून जुने दिसू शकते. आक्षेप रास्तच होता. संशोधकांनी मग जमिनीवर वाढणाऱ्या झाडांचे परागकण त्याच थरांतून वेचून काढले, वाळूतील क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा प्रकाश केव्हा पडला हेही वेगळ्या पद्धतीने मोजले आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पहिल्या तारखांशी जुळले. शंका घेणारे अद्याप आहेत. पण माझ्या मते आता पुराव्याचे पारडे स्पष्टपणे त्यांच्या विरुद्ध झुकले आहे. शंकेला उत्तर म्हणून नवा नमुना समोर ठेवण्याची ही रीत मुलांना अवश्य दाखवावी. तारखा ती पुढे विसरली तरी चालेल.

युरोपातून अटलांटिकच्या बर्फाच्या कडेने काही लोक आले होते, असेही एक मत दगडी पात्यांच्या साम्यावरून मांडले गेले. मोंटाना येथे क्लोव्हिस हत्यारांसोबत पुरलेल्या बालकाचा जनुकसंच २०१४ साली वाचला गेला आणि त्याचे नाते मूलनिवासी अमेरिकनांशीच निघाले, तेव्हा त्या मताचा आधार फारसा उरला नाही.

दुसऱ्या प्रश्नापुरते बोलायचे तर, व्हायकिंगांचे नाव घेणारा आपला विद्यार्थी बरोबर आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज येथे हेल्गे आणि अ‍ॅने स्टीने इंगस्टाड या नॉर्वेजियन दांपत्याने १९६० पासून शोध घेऊन उत्खनन केले. तिथे व्हायकिंगांच्या पद्धतीची गवताळ मातीच्या भिंतींची घरे, लोखंडी खिळे आणि कपडा अडकवण्याची काशाची टाचणी मिळाली. इ. स. ९९३ मध्ये अंतराळातून आलेल्या किरणोत्साराचा झोत त्या वर्षीच्या वृक्षवलयांत जगभर खूण ठेवून गेला होता. वस्तीतील धातूच्या पात्याने तोडलेल्या लाकडांत ती खूण सापडली, आणि तिथून सालीपर्यंत वलये मोजल्यावर झाडे १०२१ साली तोडल्याचे निश्चित झाले. चिनी आरमार अमेरिकेत पोहोचल्याचा दावा मात्र इतिहासकारांनी स्वीकारलेला नाही. पंधराव्या शतकातील चिनी आरमारप्रमुख झेंग ह याच्या ताफ्याच्या हिंदी महासागरातील सफरींच्या नोंदी आहेत, अमेरिकेबाबत तसे काही नाही.

प्रश्न : कर्नाटकातील सोमनाथपूरच्या मंदिरात मूर्तींच्या हातात मक्याचे कणीस कोरलेले आहे आणि पुराणातले पाताळ म्हणजेच अमेरिका, असे आमच्याकडच्या एका व्याख्यानात ऐकले. यात तथ्य किती?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव

उत्तर : मका मूळचा मेक्सिकोचा. त्यामुळे तेराव्या शतकातील होयसळ शिल्पात तो खरोखरच असेल, तर कोलंबसापूर्वीचा संपर्क मान्य करावा लागेल. १९८९ साली एका अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने हा दावा शोधनिबंधातून मांडला, म्हणून तो गंभीरपणे तपासायलाच हवा. दाण्यांच्या ओळी असलेली ती वस्तू पाहून मक्याची आठवण होते हे खरे. पण तिला मोत्यांनी मढवलेले मुक्ताफळ मानणारे अभ्यासकही आहेत, आणि केवळ आकारावरून हा वाद मिटणारा नाही. तो मिटवू शकतो दाणा. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे जळके जव मिळतात, देशभरच्या उत्खननांत तांदूळ, मूग, नाचणी मिळते; मात्र कोलंबसापूर्वीच्या थरातला, वय निश्चित झालेला आणि सर्वमान्य असा मक्याचा दाणा नाही. जे पीक देवाच्या हाती देण्याइतके परिचित होते, त्याची चुलीच्या राखेत खूण राहू नये, हे मला पटत नाही. मिरची, बटाटा, काजू, पेरू यांचेही आगमन पोर्तुगीजांच्या काळातलेच आहे. पुराणातील पाताळ ही विश्वरचनेची संकल्पना आहे. तिच्यावर नकाशातला एक खंड बसवल्याने पुराणांचा मान वाढत नाही आणि इतिहासाचा पुरावाही तयार होत नाही.

प्रश्न : नॉर्वेचा संशोधक थोर हेयरडाल तराफ्यावरून पॅसिफिकमध्ये इतके दूर गेला, म्हणजे प्राचीन लोकही गेले असणार असे का म्हणू नये?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, दादर

उत्तर : हेयरडालने १९४७ साली बाल्सा लाकडाच्या ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून दक्षिण अमेरिकेतील पेरू देशापासून पॉलिनेशियापर्यंतचा प्रवास १०१ दिवसांत केला. असा प्रवास शक्य आहे एवढे त्यावरून ठरले. तो पूर्वी झाला होता, हे ठरवायला वेगळा पुरावा लागतो. पॅसिफिकच्या बाबतीत असा पुरावा पुढे मिळाला, हे समाधानाचे आहे. रताळे हे अमेरिकेतले पीक, पण युरोपीय जहाजे येण्याआधीच ते पॉलिनेशियात लावले जात होते. ते समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत गेले असावे असे काही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात, म्हणून एकट्या रताळ्यावर भिस्त ठेवता येत नाही. परंतु पूर्व पॉलिनेशियातील बेटांवरच्या लोकांमध्ये दक्षिण अमेरिकी मूलनिवाशांचा जनुकीय अंश आढळतो आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा संकर इ. स. १२०० च्या सुमाराचा ठरवला. कोण कोणाकडे गेले, हे जनुकांवरून थेट कळत नाही. पॉलिनेशियन खलाशी ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधाराने हजारो किलोमीटर जात व परतही येत, म्हणून बहुसंख्य अभ्यासक तेच अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले असावेत असे मानतात, आणि हेयरडालने सुचवलेली दिशा त्यांना उलटी वाटते.