शाफ्ट झिजला की नवं बेअरिंगही टिकत नाही

प्रश्न : आमच्या कुळागरात जुना मिनी ट्रॅक्टर आहे. इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या शाफ्टवरचं ६२०६ बेअरिंग वर्षात दोनदा बदललं. नवं बेअरिंग हातानेच सरकून बसतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खडखड सुरू होते. एक लेथवाला म्हणतो, पंच मारून (शाफ्टवर ठिपके ठोकून) घट्ट करू. दुसरा म्हणतो, वेल्डिंग भरून टर्न करू, म्हणजे लेथवर मापात कापू. या मॉडेलचा नवा शाफ्ट मिळत नाही. काय करावं?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : बेअरिंग हाताने सरकतं, म्हणजे झिजलाय तो शाफ्ट. ६२०६चं भोक ३० मिमीचं. शाफ्टवर त्याची जागा ३०.००२ ते ३०.०१५ मिमी हवी, तरच आतली रिंग घट्ट बसते. सैल रिंग शाफ्टवर घसरत फिरते आणि त्याला खात जाते. शाफ्ट डिझेलने धुऊन तीन ठिकाणी, आडवं-उभं मोजा. त्यासाठी मायक्रोमीटरच हवा. व्हर्नियरवर एवढा बारीक फरक भरवशाने कळत नाही.

पंच मारू नका. पंचाने उठलेली टोकं तेवढी रिंगला टेकतात, लोड आला की चेपतात आणि बेअरिंग पुन्हा सैल. काम पाच मिनिटांचं आहे, म्हणून ते सुचवलं जातं.

झीज ०.१ मिमीच्या आत आणि सगळीकडे सारखी असेल तर बेअरिंग बसवायचा रिटेनर गम चालतो. दोन्ही भाग अॅसिटोनने पुसा. तेलाचा थेंब राहिला तर गम धरत नाही. बसवल्यावर २४ तास इंजिन लावू नका.

झीज जास्त असेल तर वेल्डिंग, पण नीट. शाफ्ट ईएन-८ सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादाचा असेल तर थंड शाफ्टवर साधा रॉड मारल्यास वेल्डच्या कडेला तडा जातो आणि शाफ्ट नेमका तिथेच तुटतो. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरायला सांगा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं पाकीट ओल धरतं, म्हणून रॉड आधी ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास तापवलेला हवा. शाफ्ट १५० ते २०० अंशांपर्यंत गरम करून लांबीच्या दिशेने एक पट्टी, मग तिच्या बरोबर समोर दुसरी, असं भरत जावं. एकाच बाजूने भरलं तर शाफ्ट वाकतो. नंतर पाणी न मारता कोरड्या राखेत पुरून गार होऊ द्यावा. टर्निंगला ०.३ मिमी जास्त ठेवून शेवटचं माप ग्राइंडिंगने घ्या. ताब्यात घेण्याआधी शाफ्ट लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून फिरवून डायल (बारीक हलणं दाखवणारं काट्याचं माप) लावायला सांगा, काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर शाफ्ट सरळ करून घ्या.

कपलिंगची (शाफ्टच्या जोडाची) ‘की’, म्हणजे खाचेत बसणारी पट्टी, हलत असेल तर पत्र्याची शिम घालू नका, ती आठवड्यात चुरा होते. ३० मिमी शाफ्टला ८×७ मिमीची की लागते. जुना खाच रुंद झाला असेल तर शाफ्टवर त्याच्या समोरच्या बाजूला नवा खाच पाडा. स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावर कापलेले, दात टोकदार झाले असतील तर मात्र वेल्डिंगवर पैसे घालू नका. नमुना देऊन ईएन-१९ किंवा ईएन-२४ या जास्त मजबूत पोलादाचा नवा शाफ्टच करून घ्या.

हे सगळं करून मूळ कारण तसंच राहिलं तर बेअरिंग पुन्हा जाणार. इंजिनाखालचे रबर माउंटिंग बघा. ते बसले की इंजिन खाली झुकतं आणि शाफ्टवर कायम बाजूचा ताण येतो. जुन्या गाड्यांत हे फार होतं आणि क्वचितच कुणी बघतं. शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस (वळणारे सांधे) असतील तर दोन्ही योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांचे) कान एकाच रेषेत हवेत. बसवताना स्प्लाइनचा एक दात जरी चुकला तरी गाडी थरथरते.

प्रश्न : गिअरबॉक्सचं ऑइल सील नवं घातलं तरी गळतंय.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : सील बसतं तिथे शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं तर जुन्या सीलने खाच पाडलीय. जागा असेल तर नवं सील दोन मिमी अलीकडे बसवा, नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवा. नख अडकलं नाही तर ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा जायचं छिद्र) साफ करा. तो चिखलाने बुजला की गरम हवा तेल सीलमधून बाहेर ढकलते. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. वायंगणात (उन्हाळी भातशेतीत) चिखलणी केलेल्या गाडीत हे नेहमीचं. सील बदलताना तेलही बदला.